हाताचा दाब आणि स्नायूचे उत्तर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फिजिओथेरपी घेणारे रुग्ण, त्यांचे नातेवाईक, व्यायाम करणारे आणि तालमीत जाणारे वाचक सतत विचारत असलेले प्रश्न येथे एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. जेथे दोन उत्तरांचा संबंध येतो, तेथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. ‘स्नायू’ हा शब्द येथे हाडांना जोडलेल्या आणि आपल्या इच्छेने हलणाऱ्या अस्थिस्नायूंसाठीच वापरला आहे.

१. हाताने दाबले किंवा ताणले की स्नायूच्या आत नेमके काय होते?

स्नायूचा प्रत्येक तंतू सार्कोमिअर नावाच्या अतिसूक्ष्म खणांच्या सलग रांगांनी बनलेला असतो. विश्रांतीच्या स्थितीत एका खणाची लांबी साधारण दोन ते अडीच मायक्रोमीटर असते, म्हणजे एका मिलिमीटरमध्ये चारशे किंवा त्याहून अधिक खण मावतात. खणात ॲक्टिनचे बारीक आणि मायोसिनचे जाड धागे असतात आणि ते एकमेकांवरून सरकल्यामुळे स्नायू आखडतो. १९५४ साली ॲन्ड्र्यू हक्सले व रॉल्फ नीडरगेर्के आणि ह्यू हक्सले व जीन हॅन्सन या दोन जोड्यांनी ‘नेचर’च्या एकाच अंकात हे मांडले. याखेरीज टायटिन नावाचे, मानवी शरीरातल्या ज्ञात प्रथिनांमधले सर्वांत मोठे प्रथिन मायोसिनच्या धाग्यांना खणाच्या कडेशी बांधून ठेवते. सैल सोडलेला स्नायू दुसऱ्याने ताणला की जो विरोध जाणवतो, त्यातला मोठा वाटा या टायटिनचा आणि तंतूंभोवतीच्या कोलॅजनच्या आवरणांचा असतो.

बाहेरून आलेल्या बलाला हा स्नायू तीन पातळ्यांवर उत्तर देतो. पहिली पातळी निव्वळ पदार्थाची आहे: ऊतक दबते, ताणले जाते आणि बल काढून घेतले की काही मिनिटांत बहुतांशी पूर्ववत होते. दुसरी पातळी मज्जासंस्थेची आहे: त्वचेतल्या, स्नायूतल्या आणि टेंडनमधल्या (स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोरीसारख्या भागातल्या) संवेदकांकडून संदेश जातात, दुखणे आणि ताठरपणा कमी-जास्त होतो, आणि हा परिणाम काही मिनिटांपासून काही तासांपर्यंत टिकतो. तिसरी पातळी पेशींची आहे: तेथे प्रथिने नव्याने बनतात, स्नायूची लांबी व जाडी बदलते, पण त्यासाठी तेच बल आठवडेच्या आठवडे पुन्हा पुन्हा मिळावे लागते. उपचारांविषयीचे बहुतेक गैरसमज पहिल्या दोन पातळ्यांवरचा परिणाम तिसऱ्या पातळीच्या नावावर मांडल्यामुळे होतात, असे माझे स्पष्ट मत आहे.

२. दाबणे, ओढणे आणि चोळणे यांत फरक आहे, की सगळे सारखेच?

फरक आहे, आणि तो बलाच्या दिशेचा आहे. स्नायूच्या वजनाचा सुमारे तीन चतुर्थांश भाग पाणी असल्यामुळे दाबल्याने त्याचे आकारमान फारसे घटत नाही. एका जागी दबलेला भाग बाजूला सरकतो आणि त्याखालचे तंतू आडवे चपटे होताना लांबीच्या दिशेनेही किंचित ताणले जातात. ओढण्यात, म्हणजे सांधा वळवून स्नायू ताणण्यात, बल तंतूंच्या दिशेनेच लागते आणि ते टेंडनपासून टेंडनपर्यंत सगळीकडे पोचते. चोळण्यात मुख्यतः त्वचा, तिच्याखालची चरबी आणि स्नायूवरचे आवरण हे थर एकमेकांवरून सरकतात, त्यामुळे खोलवरच्या तंतूंपर्यंत त्यातले फारच थोडे बल पोचते. खोलवर पोचायचे असेल तर दाब संथपणे वाढवावा लागतो, कारण अचानक दाबले तर माणूस स्नायू आवळून घेतो आणि मग हाताखाली आपल्याला तो आवळलेला स्नायूच लागतो.

३. तेल स्नायूपर्यंत मुरते का?

उपचाराच्या दृष्टीने अर्थपूर्ण प्रमाणात मुरत नाही. तेलामुळे हात आणि त्वचा यांच्यातले घर्षण कमी होते, हात सहज सरकतो आणि त्वचा सोलवटत नाही. त्वचा धरून खालचे थर सरकवायचे असतील, तर तेल कमी लावणेच बरे.

४. मिनिटभर दाब धरला की स्नायू मऊ लागतो. तो खरोखर सैल झालेला असतो का?

हे प्रत्यक्ष अनुभवून पाहण्यासारखे आहे. पालथ्या झोपलेल्या माणसाची पोटरी मधोमध अंगठ्याने हळूहळू दाबत न्यावी आणि विरोध जाणवू लागला की अंगठा तेथेच स्थिर ठेवावा. पहिल्या काही सेकंदांत विरोध झपाट्याने उतरतो, पुढची दहा-पंधरा सेकंदे तो सावकाश उतरत राहतो आणि त्यानंतर फारसा बदल जाणवत नाही. अंगठा तेवढ्याच जोराने धरला असूनही तो थोडा आत गेलेला असतो.

यात दोन गोष्टी एकाच वेळी घडतात. स्नायू हा स्थितिस्थापक असण्याबरोबरच काही अंशी दाट द्रवासारखाही वागतो, त्यामुळे तेवढ्याच लांबीवर धरून ठेवला तर त्यातला ताण कालांतराने उतरतो. १९९० साली ड्यूक विद्यापीठातल्या संशोधकांनी सशाच्या पायातल्या स्नायूंना ओळीने दहा वेळा ताण दिला, तेव्हा मिळालेल्या लांबीतली बहुतेक पहिल्या चार ताणांतच मिळाली. दुसरी गोष्ट मज्जासंस्थेची आहे. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या कॅनडातल्या अभ्यासात पोटरी मळत असताना मज्जारज्जूतल्या प्रतिक्षेपाची (स्नायूला आपोआप आखडायला लावणाऱ्या क्रियेची) तीव्रता घटलेली आढळली. मळणे थांबताच ती पुन्हा पूर्वीसारखी झाली.

म्हणजे हाताखाली जाणवलेला मऊपणा खरा आहे, पण तो तात्पुरता आहे. म्हणूनच चांगला फिजिओथेरपिस्ट दाब दिल्यानंतर तुम्हाला तसेच घरी पाठवत नाही. मिळालेल्या मोकळिकीत लगेच व्यायाम करून घेतो.

५. बराच वेळ बसून उठल्यावर अंग आखडते आणि चार पावले चालले की मोकळे होते. यामागचे कारणही हेच का?

कारण जवळचे आहे, पण वेगळे आहे. स्थिर राहिलेल्या स्नायूत मायोसिनचे काही दुवे ॲक्टिनला अडकून राहतात आणि पहिल्या हालचालीला विरोध करतात. दोन-चार हालचालींत ते सुटतात. यासाठी कोणाच्या हाताची गरज नसते.

६. खांद्यातली किंवा पाठीतली ‘गाठ’ दाबून फुटते का?

फुटण्यासारखे तेथे काही नसते. हाताला लागणारा, दाबल्यावर दुखणारा आणि दुखणे दूरवर पोचवणारा हा बिंदू ‘ट्रिगर पॉइंट’ या नावाने जगभर माहीत झाला, तो मुख्यतः जॅनेट ट्रॅव्हेल आणि डेव्हिड सायमन्स या अमेरिकी डॉक्टरांमुळे. ट्रॅव्हेल या राष्ट्राध्यक्ष केनेडी यांच्या वैयक्तिक डॉक्टर होत्या. तेथे काही सार्कोमिअर सतत आखडलेले राहतात, ही त्यांची मांडणी आजही शिकवली जाते. तथापि, अनेक तपासनीसांना एकाच रुग्णात नेमकी तीच जागा सापडतेच असे नाही, आणि हे दुखणे स्नायूतल्या गाठीपेक्षा मज्जातंतूंच्या वाढलेल्या संवेदनशीलतेमुळे होते, असे मानणारे अभ्यासकही आहेत.

रुग्णाच्या दृष्टीने महत्त्वाचे इतकेच, की सोसवेल असा दाब दिल्यावर दुखणे काही काळ कमी होते, हे खरे आहे. मात्र ‘गाठ फुटेपर्यंत’ कोपराने रगडण्याला कोणताही आधार नाही (प्रश्न १२ पाहा).

७. ‘फॅशिया मोकळा करणे’ म्हणजे त्याचा आकार हाताने बदलतो का?

फॅशिया म्हणजे स्नायूंभोवतीचे तंतुमय आवरण. मांडीच्या बाहेरच्या बाजूची आणि तळपायाची अशी जाड आवरणे हाताने बदलणे शक्य नाही. २००८ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका गणिती प्रतिमानानुसार मांडीवरचे हे आवरण केवळ एक टक्का दबावे यासाठी ९,००० न्यूटनहून अधिक, म्हणजे सुमारे सव्वानऊशे किलो वजनाइतके बल लागेल. माणसाच्या हाताच्या आवाक्यातली ही गोष्ट नाही. नाकावरच्या पातळ, मऊ आवरणाचे गणित मात्र त्याच प्रतिमानात वेगळे आले. या पद्धतीने आराम मिळणाऱ्यांचा अनुभव खोटा नाही. तो आराम बहुधा प्रश्न १ मधल्या दुसऱ्या पातळीवरून येतो.

८. मालिशीने लॅक्टिक ॲसिड बाहेर पडते, हे खरे का?

नाही. हा समज फार जुना आणि फार चिवट आहे. व्यायाम थांबल्यावर लॅक्टेट (लॅक्टिक ॲसिडचे शरीरातले रूप) साधारण तासाभरात आपोआप पूर्वपातळीवर येते, आणि हलके चालत राहिले तर त्याहून लवकर येते. २०१० साली कॅनडातल्या क्वीन्स विद्यापीठात हाताची मूठ आवळण्याच्या व्यायामानंतर हे मोजले गेले, तेव्हा मालिशीच्या दाबाने रक्तप्रवाहच अडल्यामुळे लॅक्टिक ॲसिड बाहेर पडणे उलट मंदावल्याचे दिसले. २०१२ साली मॅकमास्टर विद्यापीठात ११ तरुणांना थकेपर्यंत व्यायाम करायला लावून प्रत्येकाच्या एकाच मांडीला दहा मिनिटे मालीश केली आणि दोन्ही मांड्यांतल्या स्नायूंचे तुकडे तपासले, तेव्हाही लॅक्टेटमध्ये फरक आढळला नाही. त्या तुकड्यांत काय आढळले, ते प्रश्न १० मध्ये दिले आहे.

९. गड उतरल्यावर दुसऱ्या दिवशी मांड्या भरून येतात. तेव्हा मालीश करावी का?

सिंहगड किंवा राजगड उतरताना मांडीचे पुढचे स्नायू ताणले जात असतानाच शरीराचे वजन सांभाळत असतात. अशा कामात काही सार्कोमिअर प्रमाणाबाहेर ताणले जाऊन बिघडतात आणि चोवीस ते बहात्तर तासांत दुखणे शिगेला पोचते. थिओडोर हफ यांनी १९०२ सालीच हे दुखणे थकव्यापासून वेगळे करून दाखवले होते. चढताना दम लागतो, मांड्या मात्र उतरण्याने दुखतात.

हलकी मालीश अशा वेळी करायला हरकत नाही. खेळाडूंवरील अभ्यासांचा २०२० साली झालेला एकत्रित आढावा असे सांगतो, की मालिशीने हे दुखणे थोडे कमी होते आणि लवचीकता किंचित वाढते, पण ताकद, वेग किंवा दमश्वास सुधारल्याचे दिसत नाही.

१०. तालमीत पैलवान एकमेकांचे अंग रगडतात. त्याने स्नायू वाढतात का?

पैलवानाचे शरीर जोर, बैठका आणि लढतींनी घडते. रगडण्याचा वाटा सहायकाचा आहे. तरीही हा प्रश्न क्षुल्लक नाही, कारण स्नायूपेशींना बाहेरचा दाब ‘कळतो’, हे आता पक्के ठाऊक आहे. पेशीच्या पटलातले इंटिग्रिन नावाचे रेणू बाहेरच्या जाळ्यावरचा ताण आतल्या प्रथिनांपर्यंत पोचवतात. शिवाय ताण पडताच उघडणाऱ्या ‘पीझो’ नावाच्या आयनमार्गिका आर्देम पटापुटियन यांच्या प्रयोगशाळेने २०१० साली शोधल्या आणि त्या कामासाठी त्यांना २०२१ च्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला.

मॅकमास्टरच्या प्रयोगात (प्रश्न ८ पाहा) मालीश केलेल्या मांडीत हे ताण ओळखणारे संदेशमार्ग जागे झाले होते आणि दाह वाढवणारे संदेश घटले होते. २०१८ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी प्रसिद्ध केलेल्या उंदरांवरच्या प्रयोगात, वापर न झाल्याने बारीक झालेल्या पायाचे स्नायू ठरावीक लयीत दाबले असता त्यांची भरपाई अधिक झाली आणि आश्चर्य म्हणजे न दाबलेल्या दुसऱ्या पायातही फरक पडला. हार्वर्डमधल्या संशोधकांनी २०२१ साली जखमी उंदरांचे स्नायू यंत्राने दाबले, तेव्हा दाहाच्या पेशी लवकर निघून गेल्या आणि नवे तंतू अधिक जाड झाले.

या सगळ्यामुळे मला या विषयाविषयी खरी आशा वाटते. पण उंदराचा स्नायू पातळ असतो, त्याला दिलेला दाब यंत्राने मोजून दिलेला असतो, आणि माणसाच्या मांडीवर हाताने तोच परिणाम होतो, असे त्यावरून म्हणता येत नाही.

११. रोज ताण दिल्याने स्नायू खरोखर लांब होतो का, आणि किती वेळ ताण द्यावा?

होऊ शकतो, पण आपण समजतो तितक्या सहज नाही. १९७२ साली मांजरांच्या पायांना चार आठवडे प्लास्टर घालून केलेल्या प्रयोगात, ताणलेल्या अवस्थेत ठेवलेल्या पोटरीच्या स्नायूत सार्कोमिअरांची संख्या सुमारे वीस टक्क्यांनी वाढली, आणि आखडलेल्या अवस्थेत ठेवलेल्या स्नायूत ती चाळीस टक्क्यांनी घटली; प्लास्टर काढल्यावर दोन्ही बदल उलटले. येथे ताण दिवसरात्र होता. दिवसातून काही मिनिटे ताण देणाऱ्या माणसाचा गुडघा चार-सहा आठवड्यांत अधिक सरळ होतो, तेव्हा मुख्यतः त्याची ताण सहन करण्याची तयारी वाढलेली असते. तेवढ्याच बलाला स्नायू पूर्वीइतकाच विरोध करतो, असे पीटर मॅग्नुसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या मोजमापांतून १९९६ सालापासून पुन्हा पुन्हा दिसले आहे. ही सहनशीलता कमी मोलाची नाही, कारण त्यामुळेच मांडी घालून बसता येते.

किती वेळ, याचे साधे उत्तर अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनच्या शिफारशीत आहे: प्रत्येक ताण १० ते ३० सेकंद धरावा, दोन ते चार वेळा करावा आणि एका स्नायूसाठी एकूण साठ सेकंद व्हावीत, वयस्कांनी ३० ते ६० सेकंद धरावे. आठवड्यातून किमान दोन-तीन दिवस हे करावे, रोज केल्यास अधिक चांगले. धावण्याच्या किंवा कुस्तीच्या अगदी आधी मात्र एकच स्नायू मिनिटापेक्षा जास्त वेळ ताणून धरू नये, कारण त्याने ताकद काही काळ किंचित घटते.

१२. जितका जोर जास्त, तितका गुण जास्त, हे बरोबर का?

हे चूक आहे आणि धोक्याचेही आहे. दुखण्यामुळे माणूस श्वास रोखतो, स्नायू आवळतो आणि आपल्याला जो सैलपणा हवा असतो त्याच्या नेमके उलट घडते. फार जोराच्या मालिशीनंतर स्नायूतंतू फुटून त्यातले मायोग्लोबिन रक्तात आणि मूत्रपिंडात गेल्याच्या घटना वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेल्या आहेत. मालिशीनंतर लघवीचा रंग कोऱ्या चहासारखा गडद झाला, अंग प्रचंड सुजले किंवा अशक्तपणा आला, तर घरी थांबू नये. त्याच दिवशी रुग्णालयात जाऊन रक्तातल्या क्रिएटिन कायनेजची तपासणी करून घ्यावी.

१३. पायात गोळा आल्यावर अंगठा वर ओढला की तो लगेच सुटतो, तो कसा?

गोळा येतो तेव्हा पोटरीला संदेश देणाऱ्या मज्जापेशी अनावरपणे चेतलेल्या असतात. पाऊल वर ओढल्याने टेंडनमधला ताण एकदम वाढतो, तेथले गोल्गी नावाचे संवेदक मज्जारज्जूला कळवतात आणि त्या मज्जापेशी दाबल्या जातात, असे याचे नेहमी दिले जाणारे स्पष्टीकरण आहे. म्हणून अशा वेळी पोटरी रगडत बसण्यापेक्षा गुडघा सरळ ठेवून पाऊल आपल्याकडे ओढावे.

१४. पाठीत उसण भरली की पायाळू माणसाकडून पाय लावून घेतात. त्यात काही तथ्य आहे का?

जन्मताना पाय आधी बाहेर येण्याचा आणि स्नायूवर होणाऱ्या परिणामाचा काही संबंध नाही. उसण म्हणजे पाठीच्या स्नायूंनी एकाएकी घेतलेला वेदनादायक आवळा असतो आणि तो बहुतेकांत काही दिवसांपासून काही आठवड्यांत आपोआप ओसरतो. मायेच्या माणसाने विश्वासाने केलेला हलका स्पर्श भीती कमी करतो, आणि भीती कमी झाली की आवळाही सैलावतो. म्हणून घरातल्या मोठ्यांची श्रद्धा मोडावी असे मी म्हणत नाही. मात्र लाथ मारून घेऊ नये. हाडे ठिसूळ झालेल्या वयस्क बाईच्या मणक्याला तेवढा धक्काही फ्रॅक्चर होण्यास पुरतो. उसणीबरोबर पायात मुंग्या किंवा बळ गेल्याची भावना असेल, लघवी अडली असेल किंवा ताप असेल, तर ते स्नायूचे दुखणे नव्हे असे समजून डॉक्टरांकडे जावे.

१५. खेळताना मांडीला जबर मार बसला. कधी चोळावे?

पहिले काही दिवस अजिबात चोळू नये. आत रक्त साकळलेले असताना जोराने रगडले, तर त्या जागी स्नायूतच हाड तयार होण्याचा धोका वाढतो, आणि मांडीच्या पुढच्या भागात हे विशेषकरून आढळते. सोसेल तितकी हालचाल लवकर सुरू करावी. हाताचे उपचार नंतर आणि फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली घ्यावेत.

१६. रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असतील किंवा एकच पोटरी सुजली असेल, तर मालीश चालते का?

गोळ्या चालू असतील तर खोल दाब टाळावा, कारण स्नायूत रक्तस्राव होऊ शकतो. हलका हात फिरवायचा असल्यास आधी डॉक्टरांना विचारावे. एकच पोटरी सुजून गरम आणि दुखरी झाली असेल, विशेषतः शस्त्रक्रियेनंतर, बाळंतपणानंतर किंवा लांबच्या प्रवासानंतर, तर तेथे कोणीही हात लावू नये. शिरेत गुठळी झाली असेल तर ती दाबाने सुटून फुप्फुसात जाऊ शकते. आधी सोनोग्राफी करून घ्यावी.

१७. पक्षाघातानंतर वडिलांचा हात ताठ झाला आहे. रोज ताण दिला तर तो मोकळा होईल का?

आधी ताठरपणाचा प्रकार ओळखावा लागतो. कोपर झटकन सरळ केल्यावर जोराचा विरोध होतो आणि अगदी सावकाश केल्यावर तो कमी होतो, तर त्यात मज्जासंस्थेचा भाग मोठा असतो, कारण स्पास्टिसिटी, म्हणजे मज्जासंस्थेमुळे आलेला ताठरपणा, हालचालीच्या वेगावर अवलंबून असते. सावकाश ओढूनही कोपर एका मर्यादेपुढे जातच नसेल, तर स्नायू आणि सांध्याची आवरणेच आखडलेली असतात.

या दुसऱ्या प्रकारात केवळ ताण देण्यावर फार भिस्त ठेवता येत नाही. कॉक्रेन संस्थेच्या २०१७ च्या आढाव्यात ४९ अभ्यासांतल्या २,१३५ जणांचा विचार झाला. मज्जासंस्थेच्या आजारांत सात महिन्यांपर्यंत दिलेल्या ताणाने सांध्याची हालचाल सरासरी केवळ दोन अंशांनी वाढली. म्हणून घरच्यांनी अपराधी वाटून घेऊ नये. हात दिवसातून अनेकदा हलका हलवावा, उशीवर नीट ठेवावा, तळवा स्वच्छ राहील इतकी बोटे उघडावीत, आणि स्नायू सैल करणारे बोट्युलिनम इंजेक्शन किंवा कामातून व्यायाम यांविषयी डॉक्टरांशी बोलावे.

१८. माझ्या मुलाला सेरेब्रल पाल्सी आहे. त्याचे स्नायू आखूड आहेत, म्हणजे जास्त जोराने ताणावेत ना?

येथे नेहमीचा तर्क उलटतो. शस्त्रक्रियेच्या वेळी मोजले असता अशा मुलांच्या आखडलेल्या स्नायूंतले सार्कोमिअर नेहमीपेक्षा अधिक ताणलेले आढळतात: स्नायू एकूण आखूड, पण त्यातला एकेक खण मात्र लांबलेला. वाढत्या हाडाच्या वेगाने नवे सार्कोमिअर जोडले जात नाहीत, म्हणून असे होते. अशा स्नायूला आणखी जोराने ओढणे म्हणजे आधीच ताणलेल्या खणांवर भार टाकणे आहे. हलका, दीर्घ वेळ टिकणारा ताण, रात्रीची स्प्लिंट, उभे राहण्याचा सराव आणि स्नायूंची ताकद वाढवणारे खेळ अधिक उपयोगी ठरतात. वेळ आली तर ऑर्थोपेडिक सल्ला घ्यावा.

१९. ड्युशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी असलेल्या मुलासाठीही हेच लागू आहे का?

नाही. या मुलांच्या स्नायूपेशींच्या पटलाला आधार देणारे डिस्ट्रॉफिन हे प्रथिन नसते, त्यामुळे इतरांना सहज पेलणारा ताणही त्यांच्या तंतूंना इजा करू शकतो. घोट्याला आणि नितंबाच्या सांध्याला रोज हळुवार ताण द्यावा; तो मुलाला दुखणार नाही इतकाच असावा. जिना उतरणे, उड्या मारणे किंवा वजने उचलणे यांसारखे स्नायू ताणत भार पेलायला लावणारे व्यायाम देऊ नयेत आणि खोल मालीश करू नये. व्यायामानंतर मूल दुसऱ्या दिवशीही थकलेले किंवा दुखणारे राहिले, तर आदल्या दिवशीचे प्रमाण जास्त झाले असे समजून ते कमी करावे आणि न्यूरोमस्क्युलर ओपीडीतल्या डॉक्टरांना कळवावे.